मुंबई बंदरात तेल-गस्तीचा एक दिवस: नवख्यांसाठी

बोटीने बंदरात फिरून सांडलेलं तेल शोधायचं आणि नोंदवायचं, या गस्तीला पहिल्यांदा येणारा माणूस बादली, फावडं आणि उत्साह घेऊन येतो. त्याच्या हातात वही-पेन्सिल दिली की तो थोडा हिरमुसतो. पण समुद्रावरचं तेल गोळा करणं हे तरंगते अडसर, तेल-शोषक यंत्रं आणि प्रशिक्षित माणसं असलेल्यांचं काम. ते काम कुठे सुरू करायचं, किती घाईने करायचं आणि पुढे मच्छीमाराच्या भरपाईचा कागद कशाच्या जोरावर उभा राहायचा, हे मात्र गस्तीच्या नोंदीवर ठरतं. जागा, वेळ आणि जाडी यांपैकी एक जरी राहिली, तरी ती नोंद फुकट गेली म्हणून समजा.

हे बंदर तेलाला नवखं नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं आदळली. चित्रा कलंडलं, त्यावरचे कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती आणि जहाजाच्या टाक्यांतलं शेकडो टन इंधन बाहेर आलं. घारापुरी, उरण, अलिबाग आणि आतल्या खाड्यांतली तिवरं काळी पडली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, ‘एमव्ही रॅक’ मुंबईसमोर बुडालं आणि तेल जुहूच्या पुळणीवर आलं. दोन्ही वेळा ऑगस्ट होता. नैर्ऋत्येचा वारा जोरात असताना सांडलेलं तेल खोल समुद्रात निघून जाण्याची आशा धरू नका, ते किनाऱ्यालाच येतं. मोठा अपघात नसला तरी जहाजांच्या तळातलं तेलकट पाणी, धक्क्यावर इंधन भरताना झालेली सांडलवंड आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर येणारे डांबरगोळे हे दरवर्षीचं असतं.

आदल्या दिवशी: भरती, परवानगी, बोट

सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला. पुनवेला किंवा अवसेला बाराच्या सुमाराला. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अंदाजाला हे पुरतं, पण बोट खाडीत घालायची असेल तर छापील कोष्टकच बघा. उधाणाला मुंबईत भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला शिवडी, माहूल, न्हाव्याच्या बाजूला मैलभर चिखल उघडा पडतो. अर्ध्या ओहोटीपर्यंत खाडीतून बाहेर पडला नाहीत, तर पुढची भरती येईपर्यंत बोट चिखलात बसते आणि तुम्ही बोटीत.

गस्तीला सर्वांत सोयीचे दिवस पुनव-अवसेच्या आसपासचे. सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी संपते, पाणी चढत जातं, तेवढ्यात उघड्या पाण्यातलं काम उरकतं, साडेदहाला खाडीत शिरता येतं आणि दोन-अडीचपर्यंत बाहेर. दुसरंही एक कारण आहे. उधाणाचं पाणी तेलाला तिवरांच्या सर्वांत वरच्या रांगेपर्यंत नेतं आणि तिथे सोडून देतं. मग भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाणी तिथवर पोचतच नाही, त्यामुळे तो थर दहा-बारा दिवस उन्हात पडून राहतो. उधाणानंतर एक-दोन दिवसांनी गेलात तर ही वरची रेघ ताजी सापडते.

वाऱ्याचंही बघा. पावसाळा सोडून इतर महिन्यांत सकाळी मतलई वारा मंद असतो आणि दुपारनंतर खारा वारा चढतो. पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले की पातळ तवंग दिसेनासा होतो. म्हणून उघड्या पाण्यातला शोध दुपारच्या आत संपवायचा.

परवानगीला हलकं घेऊ नका. नौदलाची गोदी, तुर्भ्याचं अणुकेंद्र, जवाहर द्वीप आणि पीर पावच्या तेलाच्या जेट्टी, जेएनपीएकडे (न्हावा-शेवा बंदराकडे) जाणारा जहाजमार्ग या सगळ्या सुरक्षेच्या जागा आहेत. तिथे जवळ जायचं नाही, कॅमेरा रोखायचा नाही, ड्रोन तर बोटीवर आणायचाच नाही. सागरी पोलीस ठाण्याला बोटीचा नोंदणी क्रमांक, माणसांची नावं, जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ लेखी द्या. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवं. समुद्रात मोबाइलमधला फोटो दाखवून भागतंच असं नाही.

बोट आठ-दहा मीटर लांबीची फायबरची, बाहेरून लावलेल्या इंजिनाची आणि अडीच-तीन फूट पाण्यात चालणारी बघा. मोठा ट्रॉलर खाडीत निरुपयोगी. माणसं कमीत कमी चार: तांडेल, एक खलाशी, एक बघणारा आणि एक लिहिणारा. बघणाऱ्यानेच लिहायचं ठेवलं की तो वहीत डोकं घालतो आणि तेवढ्यात पन्नास मीटरवरून पट्टा निघून जातो. तांडेल स्थानिकच घ्या. डोलीचे (खुंटांना बांधून लावलेल्या जाळ्यांचे) खुंट कुठे आहेत, कोणत्या वाटेला खडक आहे हे नकाशात पुरतं सापडत नाही. इंधनाचे तीन भाग करा: एक जाण्याला, एक येण्याला, एक हाताशी.

बरोबर काय न्यायचं

हातमोजे नायट्रिलचे घ्या. लॅटेक्सचे तेलाने फुगतात आणि फाटतात. माणशी चार जोड, कारण तेलाचा हात कॅमेऱ्याला लागला की पुढचे सगळे फोटो धूसर येतात. अंगभर टाकाऊ झगा, गमबूट, चष्मा आणि सर्वांत वर लाइफ जॅकेट, कायम बांधलेलं. तोंडावर बांधायचा कापडी किंवा धुळीचा मास्क तेलाच्या वाफेला अडवत नाही. त्याच्या भरवशावर जवळ जाणं न बांधण्यापेक्षा वाईट.

ध्रुवीकृत काचांचा गॉगल ही चैन नाही. पाण्यावरची चमक मारली गेली की तवंगाची कड उठून दिसते. त्याशिवाय हातात धरायचा जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, दुर्बीण, होकायंत्र, पाण्याने न भिजणारी वही, दोन पेन्सिली (बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही), ३० सेंटिमीटरची पट्टी, दोन मीटरची मोजकाठी, पीव्हीसी नळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट, गडद काचेच्या अडीचशे मिलिलिटरच्या सहा बाटल्या, बर्फाची पेटी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी सुती फडकी आणि खोबरेल तेलाची बाटली. माणशी चार लिटर पाणी. जेवण घरून बांधून न्या, बोटीवर स्टोव्ह पेटवायचा नाही. विडी-सिगारेट धक्क्यावरच ठेवा.

निघण्याआधी स्वतःची बोट तपासा

हे नवख्यांच्या डोक्यात येत नाही. बोटीच्या तळाला साचलेल्या पाण्यात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळलेलं असतं. पाणी उपसणारा पंप सुरू झाला की मागे सुंदर सप्तरंगी पट्टा पडतो आणि पुढच्या वळणावर तोच ‘सापडतो’. धक्क्यावरच ते पाणी डब्यात काढून घ्या, पंप बंद ठेवा. इंजिनाच्या तेलाचा आणि डिझेलचा एकेक छोटा नमुना वेगळ्या बाटलीत भरून ‘आपली बोट’ अशी चिठ्ठी लावा. नंतर प्रयोगशाळेत शंका निघाली तर तुलनेला हाच कामी येतो.

सगळ्यांची घड्याळं जीपीएसच्या वेळेशी जुळवा. कॅमेऱ्याचंही. जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो सुरुवातीलाच काढा, म्हणजे दिवसभराच्या फोटोंच्या वेळा त्यावरून पडताळता येतात. अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहायचे की नुसत्या दशांश अंशांत, हे एकदा ठरवा आणि दिवसभर बदलू नका. दोन्हींची सरमिसळ झाली तर जागा कित्येक किलोमीटरने हुकते आणि वहीत ती चूक दिसतही नाही.

उघड्या पाण्यात शोध

तेल सांडल्याची बातमी असेल तर आधी ते कुठे गेलं असेल याचा हिशेब मांडा. पाण्याचा प्रवाह तेलाला पूर्ण वेगाने नेतो, वारा त्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के. पश्चिमेचा १२ नॉट (ताशी १२ सागरी मैल) वारा असेल तर ०.३६ नॉट, म्हणजे सहा तासांत दोन सागरी मैलांहून थोडं जास्त, सुमारे चार किलोमीटर पूर्वेला. बंदरात प्रवाह भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर जातो, म्हणजे एका पूर्ण फेरीत त्याचा बराचसा हिशेब फिटतो. वाऱ्याचा फिटत नाही, तो साठत जातो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेल वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूच्या किनाऱ्याला शोधायचं.

वाऱ्याने तेलाचे लांबट, अरुंद पट्टे होतात आणि ते वाऱ्याच्याच दिशेने आखल्यासारखे पसरतात. तुम्हीही वाऱ्याच्या दिशेने बोट चालवलीत तर दोन पट्ट्यांच्या मधून सगळं बंदर पार कराल आणि काही दिसणार नाही. म्हणून वाऱ्याला आडवे चला: एक आडवी रेघ, मग दोन-तीनशे मीटर पुढे सरकून उलट दिशेने दुसरी, अशी शिडी. वेग पाच-सहा नॉट. बघणारा बोटीवरच्या सर्वांत उंच सुरक्षित जागी उभा हवा. बसलेल्या माणसाला पाणी इतकं तिरपं दिसतं की शंभर मीटरवरचा तवंगही चमकेत विरून जातो. विमानातून दिसतं त्याच्या पासंगालाही बोटीवरून दिसत नाही, हे धरूनच चालायचं.

दर १५ मिनिटांनी नोंद: वेळ, जागा, वारा, पाण्याची स्थिती, काय दिसलं. काही दिसलं नाही तर ‘तेल नाही’ असं लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. कोऱ्या जागेचा अर्थ कोणी बघितलंच नाही असाही होतो. पंधरा दिवसांनी तिथे तेल आलं, तर आधी तिथे स्वच्छ पाणी होतं हे सांगणारी हीच एक ओळ असते.

रंगावरून जाडी

डोळा इथेच फसतो. पाण्यावर मोठा सप्तरंगी पट्टा बघून नवा माणूस घाबरून ‘प्रचंड गळती’ लिहितो आणि शेजारचा जेवणाच्या ताटाएवढा काळा डाग सोडून देतो. युरोपातल्या बॉन कराराखाली तयार झालेली रंगांची पाच पायऱ्यांची पट्टी जगभर वापरली जाते, ती पाठच करा.

रुपेरी, राखाडी तवंग: जाडी ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर.
सप्तरंगी: ०.३ ते ५ मायक्रॉन. चौरस किलोमीटरला ३०० ते ५,००० लिटर.
धातूसारखी चकाकी, आकाशाचा रंग परतवणारी: ५ ते ५० मायक्रॉन. ५,००० ते ५०,००० लिटर.
तेलाचा खरा रंग, पण तुटक: ५० ते २०० मायक्रॉन. ५०,००० ते २ लाख लिटर.
तेलाचा खरा रंग, सलग: २०० मायक्रॉनच्या वर. २ लाख लिटरहून जास्त.

आता हिशेब करून बघा. शंभर मीटर लांब आणि २० मीटर रुंद सप्तरंगी पट्टा म्हणजे २,००० चौरस मीटर. त्यात तेल निघतं अर्धा-पाऊण लिटर ते फार तर १० लिटर. तेवढ्याच जागेत सलग काळं तेल असेल तर कमीत कमी ४०० लिटर. म्हणून प्रत्येक पट्ट्याची लांबी, रुंदी आणि त्यातला किती टक्के भाग कोणत्या रंगाचा, हे तिन्ही वेगळे लिहा. ‘८० टक्के सप्तरंगी, ५ टक्के काळं, उरलेलं स्वच्छ पाणी’ अशी नोंद उपयोगाची. लांबी डोळ्याने ठरवू नका; पट्ट्याच्या एका टोकाला जीपीएसची खूण करा, कडेकडेने दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरी करा.

ही पट्टी एका ठिकाणी लागू होत नाही. जहाजाचं जड इंधन लाटांत घुसळलं की त्यात पाणी मिसळतं आणि तपकिरी, कधी नारिंगी, श्रीखंडासारखा घट्ट लगदा होतो. त्यात पाऊण भाग पाणीच असू शकतं. रंगावरून त्याची जाडी कळत नाही. काठी घालून बघा, सेंटिमीटरमध्ये जाडी लिहा आणि पुढे ‘लगदा’ असं स्पष्ट नोंदवा.

तवंगाजवळ जाताना वाऱ्याच्या बाजूने जा, म्हणजे वारा तुमच्याकडून तेलाकडे वाहायला हवा. ताज्या डिझेलची, पेट्रोलची किंवा कच्च्या तेलाची वाफ डोकं जड करते, मळमळ आणते. उग्र वास आला की मागे फिरा. आणि वास अचानक येईनासा झाला तर धोका टळला असं समजू नका, काही वायू नाकच बधिर करतात. इंजिन बंद करू नका, कारण बोट तेलापेक्षा जास्त वारा खाते आणि आपोआप तवंगात घुसते. जाड तेलावरून बोट नेली तर थंडाव्याचं पाणी ओढणारी नळी तेल ओढते, गाळणी तुंबते, पंपाचं रबर फुगतं आणि इंजिन तापून बंद पडतं. शिवाय पंख्याने तेल पाण्यात खोल घुसळलं जातं, मग ते गोळा करणारी यंत्रंही हात टेकतात.

तेल वाटतं, पण तेल नसतं

ढगाची सावली, गाळाचा पट्टा, तरंगणारं शेवाळ, हिवाळ्याअखेरीला अरबी समुद्रात पसरणारी हिरवी शैवालं आणि ससून डॉकजवळ मासळीच्या धुवणाचा चरबट तवंग या पाच गोष्टी नवख्याला हटकून फसवतात. तिवरांच्या डबक्यांत आणखी एक सापडते: लोहजीवाणूंचा सप्तरंगी पापुद्रा. काठीने हलवून बघा. पापुद्रा काचेसारखा तडकून त्याचे कोपरेदार तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेल फाटतं आणि लगेच पुन्हा मिळतं. मासळीच्या तेलाला वासच सांगतो. खात्री होत नसेल तर ‘संशयित’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

कधी आणि कोणाला कळवायचं

समुद्रातल्या तेलगळतीच्या कामाचं देशपातळीवरचं समन्वयन भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून लागू आहे. काळं तेल, लगदा किंवा वाढत जाणारा कोणताही तवंग दिसला की वही पूर्ण होण्याची वाट बघू नका. व्हीएचएफ वाहिनी १६ वर किंवा १५५४ या क्रमांकावर कळवा. सांगताना हाच क्रम ठेवा: जागा, वेळ, लांबी-रुंदी, रंग, सरकण्याची दिशा, वारा, जवळचा किनारा, संशयित उगम आणि तुमचा संपर्क. वाहिनी १६ वर गप्पा मारायच्या नाहीत. ते सांगतील त्या वाहिनीवर जा. एखाद्या जहाजावर संशय असेल तर नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, जहाज आणि तवंग एका चौकटीत येईल असा फोटो काढा, पण ‘त्यानेच सांडलं’ हे वाक्य रेडिओवर उच्चारू नका. तुम्ही जहाजाशेजारी तेल बघितलं आहे, सांडताना बघितलेलं नाही.

कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण तेलावर ओतण्याचा मोह काहींना होतो. तेल नाहीसं झाल्यासारखं दिसतं. खरं तर ते बारीक थेंब होऊन पाण्यात उतरतं, जिथे मासळीची अंडी आणि पिल्लं असतात. तेल विरघळवणारी रसायनं कुठे, किती खोल पाण्यात वापरायची याचे नियम आहेत आणि परवानगी तटरक्षक दलाची लागते. खाडीत तर विषयच नको.

खाडीत, तिवरांपाशी

इथे वेळ द्या. उघड्या पाण्यातलं तेल काही दिवसांत उडतं, फाटतं, निघून जातं. तिवरांत अडकलेलं वर्षानुवर्षं राहू शकतं.

तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतात. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. ही छिद्रं तेलाने बुजली की झाड गुदमरतं, पण लगेच दिसत नाही. पानं पिवळी पडायला आठवडे जातात, फांद्या वाळायला महिने. गळतीनंतर चार दिवसांनी हिरवीगार तिवरं बघून ‘नुकसान नाही’ असं लिहिणं म्हणूनच चूक. त्या दिवशी तेल कुठवर लागलंय एवढंच लिहायचं. चिपीची मुळं जास्त जाड आणि उंच असतात, कांदळाची कमानदार आधारमुळं खोडापासून फुटतात; तेलाची रेघ त्यांच्यावर वेगवेगळ्या उंचीवर दिसते, म्हणून झाडाचं नावही नोंदवा.

बोट काठाला समांतर, अगदी सावकाश चालवा. प्रत्येक तेलकट पट्ट्याला एक क्रमांक. मोजकाठी बोटीतून चिखलाला टेकवा आणि दोन आकडे घ्या: तेलाच्या डागाची खालची कड चिखलापासून किती वर, आणि वरची किती. मग काठालगतच्या चिखलावर चौकट ठेवून तिच्यातला किती भाग तेलाने झाकलाय ते टक्क्यांत: १ टक्क्याखाली नावापुरतं, १० पर्यंत विरळ, ५० पर्यंत तुकड्यातुकड्यांत, ९० पर्यंत तुटक, त्यापुढे सलग. जाडीला नखाची कसोटी, मोजे घालूनच: खरवडून निघत नाही तो डाग, खरवडून निघतो तो पातळ थर (मिलिमीटरपर्यंत), मिलिमीटरपासून सेंटिमीटरपर्यंत जाड थर आणि त्यापुढे साचलेलं तेल.

फोटोंचा क्रम मोडू नका. आधी क्रमांक लिहिलेली पाटी, मग लांबून जागा ओळखू येईल असा, मग मधला, मग पट्टी ठेवून जवळचा. जवळचा एकटा फोटो घारापुरीचा की पनवेल खाडीचा, हे महिन्याभराने काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बोटीतून उतरून चिखलात जायचं नाही, हा नियम नवखे सर्वांत आधी मोडतात. पायाने तेल चिखलात दाबलं जातं, खेकड्यांच्या बिळांतून खोल उतरतं आणि तिथे हवा नसल्यामुळे कुजतही नाही. वर राहिलेला थर पुढच्या भरत्यांनी थोडा तरी धुतला गेला असता. तेल लागलेल्या फांद्या छाटणं, मुळं पुसणं हेही नको. शिवाय कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. तिथे काय करायचं ते वनविभागाचा कांदळवन कक्ष ठरवतो. ठाण्याच्या खाडीचा पट्टा तर २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. नोव्हेंबर ते मे तिथे रोहितांचे थवे चिखलावर चरतात. लांबूनच दुर्बिणीने बघा, थवा उडवला तर तो कदाचित तेलकट चिखलावरच जाऊन बसेल.

तेल लागलेला पक्षी सापडला तर धुवायचा नाही. धुण्याने तो गारठतो आणि घाबरून मरतो. मऊ टॉवेलात धरून हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा; चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी कळवा आणि ते सांगतील तेच करा. दलदलीत पळणाऱ्या पक्ष्याच्या मागे लागू नका.

जाळी आणि कालवं

डोल लावलेल्या खुंटांपाशी तेल दिसलं तर ज्याची जाळी त्याला फोन करा, आपल्या हाताने जाळं उपसू नका. तेल लागलेलं नायलॉनचं जाळं धुऊन साफ होत नाही आणि एकदा मासळीला वास लागला की बाजारात तो माल कोणी उचलत नाही. मालकाने काय जपायचं ते त्याला नीट समजावून सांगा, बहुतेक दावे इथेच पडतात. जाळ्याचा हातभर तुकडा वेगळा बांधून ठेवायचा. उरलेलं जाळं पाहणी होईपर्यंत फेकायचं नाही. बोटीचा नोंदणी क्रमांक, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व, जाळं विकत घेतल्याची पावती, गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच महिन्यांत सोसायटीत घातलेल्या मासळीच्या आणि डिझेलच्या पावत्या, हे सगळं एका फाइलीत. ‘रोज दहा हजारांचं नुकसान’ असं तोंडी सांगून काही मिळत नाही. आधीच्या वर्षाची पावती समोर ठेवली की बोलणं सुरू होतं.

खडकावरची कालवं आणि चिखलातल्या तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यामुळे त्यांच्यात तेल साठतं आणि बराच काळ राहतं. कालवं फोडणाऱ्या बायका त्या दिवशी काठावर असतील तर त्यांना आधी सांगा. त्यांचं नाव कुठल्याही बोटीच्या कागदावर नसतं. त्यांच्या बुडालेल्या रोजाची नोंद तुम्ही केली नाही तर कोणीच करणार नाही.

नमुना

कायदेशीर कारवाईसाठी नमुना घेण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला आहे. तुमचा नमुना ओळख पटवायला मदत म्हणून. तरी नीट घ्या, कारण अधिकारी येईपर्यंत तेल निघून गेलेलं असू शकतं. बोटीच्या नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) घ्या, इंजिनाच्या धुराच्या आणि पाण्याच्या मागे नको. काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या नाही; प्लास्टिक तेलात मिसळून तपासणी बिघडवतं. झाकणाच्या आत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. वरचा थरच खरवडून घ्या, बाटली तीन चतुर्थांश भरा. तीन वेगवेगळ्या जागांचे तीन, आणि तेल नसलेल्या जागेचा एक. पेन्सिलीने चिठ्ठी: क्रमांक, तारीख, वेळ, जागा, घेणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही. बर्फात ठेवा, पण गोठवू नका, काच फुटते. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा कागद तिच्याबरोबरच फिरला पाहिजे. तेल टँकरमधलं कच्चं की मालवाहू जहाजाचं इंधन, हे कळणं महत्त्वाचं, कारण दोन्हींच्या भरपाईचे आंतरराष्ट्रीय नियम वेगळे आहेत.

धक्क्यावर परतल्यावर

अंगाला लागलेलं तेल रॉकेल किंवा पेट्रोलने काढू नका, कातडी भाजते आणि तेल आत मुरतं. खोबरेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण. झगे, मोजे, फडकी दुहेरी पिशवीत बांधून वर ‘तेलकट कचरा’ लिहा आणि बंदराच्या किंवा मंडळाच्या माणसाच्या ताब्यात द्या. पालिकेच्या डब्यात टाकायचं नाही, धक्क्यावर जाळायचं तर मुळीच नाही. बोट धुतलेलं पाणीही पुन्हा बंदरात सोडू नका.

वही त्याच संध्याकाळी स्वच्छ उतरवा, पण मूळ पानं फाडू नका. चिखलाचे डाग पडलेलं मूळ पान नव्या सुवाच्य पानापेक्षा जास्त विश्वासाचं मानतात. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. फोटोंची मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती गळून जाते, त्यामुळे कार्डातून सरळ संगणकात उतरवून घ्या. गटावर टाकायच्या असतील त्या प्रती वेगळ्या.

मग पुढच्या फेऱ्यांच्या तारखा ठरवा: आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने. तारीख निवडताना भरतीची पातळी पहिल्या दिवसाच्या जवळपास असेल असं बघा, नाहीतर दोन मापांची तुलनाच होत नाही. क्रमांक दिलेल्या प्रत्येक पट्ट्याचा पहिला लांबचा फोटो छापून बरोबर न्या आणि तो हातात धरून त्याच जागी, त्याच दिशेने, नवा काढा.